रेंज फुल, फोन मुका

रेंज नाही म्हणून रडणारी गावं पुष्कळ असतील. पनवेलच्या कडेची, पळस्प्याच्या अलीकडची ती आळी रेंज असून रडत होती. फोन हातात घ्यावा तर वरच्या कोपऱ्यात सगळ्या दांड्या उभ्या, एकसुद्धा कमी नाही. आणि नंबर लावावा तर फोन आपला ढिम्म. बाहेरून कुणी लावला तर त्याला ती नेहमीची बाई सांगणार, की समोरची व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. व्यक्ती बिचारी घरातच खाटेवर बसलेली, फोन मांडीवर घेऊन.

बाकीच्या घरांत हे खपून गेलं. कुणाचा गॅसवाल्याचा फोन चुकला, कुणाचा जावयाचा, आणि जावयाचा चुकल्याचं फारसं दुःख कुणाला झालं नाही. तुळशीरामच्या घरात मात्र खपण्यासारखं नव्हतं. तुळशीरामच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. एके काळी वाळू-खडीचे ट्रक हाकणारा हा दणकट माणूस आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाई आणि उरलेल्या दिवशी पुढच्या डायलिसिसची वाट बघे. बायकोला, रंभाला, साखर होती, तिची किडनी चालणार नव्हती. मुलीचा, निशाचा, रक्तगट जुळत नव्हता. तेव्हा नवी मुंबईतल्या एका इस्पितळात त्याचं नाव यादीला लागलं होतं. कुठल्या तरी अनोळखी घराने आपल्या दुःखातही मोठं मन केलं आणि तपासण्या जुळल्या, की इस्पितळातून फोन येणार. फोन आला की आहे तसं निघायचं. नाही लागला तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार, कारण काढलेली किडनी कुणासाठी थांबत नाही.

आणि असा एक फोन येऊन गेला होता.

डिसेंबरातला रविवार होता. तिघंही घरात, तिघांचे फोन टीव्हीखालच्या फळीवर, सगळ्यांवर दांड्या फुल. एकही वाजला नाही. पुढच्या डायलिसिसच्या वेळी इस्पितळातल्या कादंबरी मॅडमनी बाजूला बोलावून सांगितलं. यादीचं सगळं काम त्याच बघत. त्यांनी तिन्ही नंबर पुन्हा पुन्हा लावले होते. तुळशीरामने विचारलं, की ती किडनी कुणाला लागली का. मॅडम म्हणाल्या, लागली. तो म्हणाला, "मग बरं झालं. वाया नाय गेली." परतीच्या वाटेवर रंभा तोंडात पदर कोंबून मागच्या सीटवर बसली होती. गाडी चालवणाऱ्या निशाला आरशात तेवढंच दिसत होतं. आपला बाप मोठ्या मनाचा आहे हे तिला ठाऊक होतं. पण मोठ्या मनावर माणूस किती दिवस काढणार, याचा हिशेब तिला त्या आरशात बघवेना.

मग धावाधाव झाली. रंभाच्या भावाचा, आपटा गावच्या शिवाचा नंबर इस्पितळात दिला. पण शिवा टेम्पो चालवणारा माणूस, तो कधी घाटात असे तर कधी नदीकाठच्या वीटभट्टीवर, त्याचा भरवसा काय धरायचा. वायफायवरून तरी फोन येईल म्हणून घरी ते घ्यावं म्हटलं तर आळीचा रस्ता पाण्याच्या लायनीसाठी उखडलेला, तो भरेपर्यंत केबल टाकणार नाही असं उत्तर आलं. शेवटी रंभाने स्वतःच ड्युटी लावून घेतली. सकाळी भाकऱ्या उरकल्या की नवऱ्याचा फोन कमरेच्या पिशवीत घालून ती पळस्पे फाट्यावर भाच्याच्या दुकानात जाऊन बसे, कारण तिथे फोन वाजत असे. आल्यागेल्याला वाटे, बाईने उतारवयात धंदा शिकायला घेतला.

मोबाईल कंपनीकडे तक्रार केली तेव्हा एक इंजिनीअर येऊन गेला. त्याने आपला फोन वर धरला, दांड्या बघितल्या, सिग्नल तर एकदम बेस्ट आहे म्हणाला, चहा घेतला आणि गेला. आळीत ज्याची त्याची वेगळी उपपत्ती होती. कुणी म्हणे उड्डाणपुलाचं लोखंड, कुणी म्हणे चिनी फोन. रंभाच्या मनात मात्र गुन्हेगार पक्का होता. तो म्हणजे धनेश, तुळशीरामचा चुलतभाऊ. बांधावरून जुनं वाकडं, त्यात त्याने कोपऱ्यावर सात मजली इमारत उठवलेली आणि तिच्या डोक्यावर नाना तऱ्हेचे खांब. भाऊबंदकीत माणसाला पुरावा लागत नाही.

निशाला लागत होता. ती तळोज्याच्या एका कंपनीत नोकरीला होती. बाजारात जाण्याआधी विजेची उपकरणं किती लहरी फेकतात, कुठे फेकतात, हे तिथे तपासलं जाई. तिथली यंत्रं कपाटाएवढी, ती घरी आणायची सोय नव्हती. पण तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता, अंगठ्याएवढा एक रिसीव्हर होता आणि एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर होतं. रिसीव्हर लॅपटॉपला खोचला की हे सगळं मिळून त्या मोठ्या यंत्राचं काम करी. त्याला स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणतात. हवेत जे जे चाललंय आणि माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, ते ते डोळ्यांना दाखवायचं एवढंच त्याचं काम.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी तिने ओटीवर लॅपटॉप उघडला. तुळशीराम खाटेवरून आणि रंभा उंबऱ्यावरून बघू लागली. पडद्यावर खालून हिरव्या रेघांचं बारीक गवत हलत होतं, भाताच्या कोवळ्या रोपांचा राब दिसतो तसं.

निशाने समजावलं, की हे गवत म्हणजे हवेतला साधा गोंगाट, तो सगळीकडे असतो. त्याच्यावर जे उंच उठतं ते कुणाचं तरी बोलणं. एका पट्ट्यात टॉवर बोलतो आणि फोन ऐकतात. दुसऱ्या पट्ट्यात फोन बोलतात आणि टॉवर ऐकतो. मग तिने आधी टॉवरचा पट्टा लावला. तिथे मोठमोठे चौकोनी डोंगर उभे होते, म्हणजे टॉवर ठणठणीत. तिने फोनचा पट्टा लावला. तिथे खरं तर गवत हवं आणि मधूनच कुणी बोललं की खाजणाच्या चिखलातल्या निवटी माशांसारखी एखादी टुणकन उडी दिसायला हवी. दिसलं ते भलतंच. पट्ट्याच्या मधोमध एक जाडजूड टेकाड बसलं होतं. ते उडत नव्हतं, थांबत नव्हतं, श्वाससुद्धा घेत नव्हतं.

निशाने पट्टा पुन्हा एकदा लावून बघितला. मग म्हणाली, "आई, आपले फोन बोलतायत. टॉवरला ऐकू जात नाहीये. मधे कुणीतरी सारखं ओरडतंय."

"कोन मेला?" रंभा म्हणाली.

ते शोधण्यासाठी निघायला हवं होतं. निशाने लॅपटॉप ओढणीने गळ्यात बांधला आणि ज्या दिशेला धरू तिकडचंच जास्त ऐकणारा अँटेना आईच्या हातात दिला. ॲल्युमिनियमच्या एका दांडीला आडव्या काड्या लावलेला, माशाच्या काट्यासारखा दिसणारा तो प्रकार रंभाने उलटसुलट करून बघितला. एवढ्या काट्याचा मासा असता तर चार माणसं जेवली असती, असं म्हणून तिने तो तलवारीसारखा धरला आणि कुणी न सांगता सरळ धनेशच्या इमारतीकडे निघाली.

वाटेत तिने त्या अज्ञात ओरडणाऱ्याचा उद्धार चालवला होता. ज्याचं कुणाचं ते यंत्र असंल त्याच्या घरात दिवा नाय लागायचा, माज्या मानसाचा घास काढून घेतला, असं बरंच. निशा नुसती हूं हूं करत पडद्याकडे बघत होती, कारण जसजशी इमारत जवळ येत होती तसतसं टेकाड खाली बसत होतं. फाटकापाशी पोचेपर्यंत त्याचा निम्मा जोर गेला. धनेश स्वतः खाली आला, काय चाललंय विचारलं, आणि ऐकल्यावर म्हणाला, की पाहिजे तर गच्चीवर जाऊन सगळं तपासा, त्याच्या ऑफिसातही हीच बोंब आहे. वर दादाची तब्येत विचारली. रंभाची फार पंचाईत झाली. इतक्या वर्षांचा वैरी असा ऐनवेळी निर्दोष निघावा याला काय म्हणायचं.

दोघी परत फिरल्या. आळीच्या तोंडाशी निशाने अँटेना छातीशी धरला आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरली. आपलं अंग मधे आलं की लहरी अडतात, म्हणजे टेकाड सगळ्यात बुटकं होतं तेव्हा चोर आपल्या पाठीमागे. कारखान्यात तिला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलेली ही युक्ती होती. टेकाड बुटकं झालं तेव्हा तिची पाठ आळीच्या आतल्या बाजूला होती. पाच घरं पुढे जाऊन ती पुन्हा फिरली. पुन्हा तेच. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते काय, हे तिला कळू लागलं. स्वतःच्या दारात आली तेव्हा टेकाड पडद्याच्या वर जाऊन टेकलं होतं.

आपल्याच घरात? तिने मीटरपाशी जाऊन घराची सगळी वीज बंद केली. टेकाड जागेवरच. मग ती आणि रंभा गच्चीवर चढल्या. रंभाने अँटेना चहूकडे फिरवला. उत्तरेकडच्या कठड्याकडे वळवला तेव्हा पडदा भरून गेला.

त्या बाजूला सुरैय्याचं घर. मधे हातभर बोळ, मग तिची गच्ची. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या, पाण्याची टाकी, टाकीवर लोखंडी पाईप आणि पाईपाला टॉवरकडे तोंड करून बसवलेला एक अँटेना. त्याच्या खाली, चार हातसुद्धा अंतर नाही, कठड्याला चिंधीने घट्ट बांधलेली पांढरी पाटी. ताटाएवढी. तिचं तोंड सरळ तुळशीरामच्या घराकडे, तो ज्या खोलीत झोपे त्या खिडकीकडे.

निशाला सगळं एकदम कळलं आणि कळलं नसतं तर बरं, असंही वाटून गेलं.

सुरैय्या म्हणजे कोण हे सांगायला हवं. नवरा कुवेतला नोकरीत असतानाच वारला, मुलगा मुबारक आता तिकडेच आहे, आणि ती एकटी या घरात राहते. एकटी म्हणायचं आपलं. रंभाच्या आणि तिच्या अंगणांमधल्या भिंतीवरून गेल्या तीस वर्षांत एवढ्या वाट्या इकडून तिकडे गेल्या असतील की भांड्याचं दुकान निघावं. इकडून आलेली वाटी तिकडे रिकामी जायची नाही, हा त्या भिंतीचा कायदा. तुळशीरामचं मीठ तुटलं तेव्हा सुरैय्याने बिनमिठाची तांदळाची सांदणं करायला घेतली आणि त्याला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही तीच खाऊ लागली. निशाच्या बारावीला रंभा टायफॉईडने पडली होती, तेव्हा निशाचा डबा त्या घरातून येई. निशा तिला चाची म्हणे.

आता या बाईला जाऊन काय सांगायचं? पलीकडे हात घालून वायर उपटावी आणि गप्प बसावं, हाही विचार निशाच्या मनात आला. पण दुसऱ्या दिवशी चाचीने ती परत जोडली असती. दोघी खाली उतरल्या आणि शेजारच्या दाराने आत गेल्या.

सुरैय्या स्वयंपाकघरात ताटावर तांदूळ निवडत होती. निशाच्या गळ्यातला लॅपटॉप बघून ती हसली. गच्चीवर दोघींना बघितलं होतं तिने. निशाने पांढऱ्या पाटीबद्दल विचारलं तेव्हा ती चोरी पकडल्यासारखी लाजली आणि मग सगळं सांगू लागली. मागच्या ईदला मुबारक आला होता तेव्हा त्याने हा सिग्नल वाढवणारा बूस्टर आणला. घरात फोन नीट लागत नव्हता, व्हिडिओवर नातवंडांची तोंडं तुटक दिसायची, म्हणून. बाहेरचा अँटेना गच्चीवर आणि पाटी आत तिच्या खोलीत. छान चाललं होतं. असलं यंत्र परवान्याशिवाय लावता येत नाही हे त्या मायलेकांच्या गावीही नव्हतं. मग दिवाळीनंतर रंभा एकदा भिंतीपाशी म्हणाली, की इस्पितळातून फोन येनार हाय आणि आमच्याकडं फोन मधेच कट होतो.

"मंग मी वायरमनला बोलावला," सुरैय्या म्हणाली. "म्हटलं, ही पाटी माज्या खोलीत काय करायची? काढ आनि भाईच्या खोलीकडं तोंड करून लाव. मला काय, मुबारकशी गप्पा मारायच्या. तुमची तर जिंदगीची बात. सांगितलं नाय तुमाला, दिल्याचं काय सांगायचं असतं?"

"आनि तुजा फोन?" रंभाने विचारलं.

"माजा नाय लागत आता. मुबारक चिडतो. मी बाजारात जाऊन बोलते त्याच्याशी. पन मला बरंच वाटलं, रंभा. माज्याकडं कमी आलं म्हंजे तुमच्याकडं पोचलं ना. तूच बोललीस नंतर, आता दांड्या फुल दिसतात म्हनून."

वाटीतली भाजी शेजारी दिली की आपल्या पातेल्यात तेवढी कमी होणारच. नेटवर्कही तसंच असणार, हे तिने धरूनच घेतलं होतं. आपला फोन मुका झाला याचा तिला गेले दोन-तीन महिने आनंद होत होता.

निशा तिच्या समोर जमिनीवर बसली. तिने लॅपटॉप उघडून टेकाड दाखवलं आणि होईल तितक्या सौम्यपणे सांगितलं. हळदीच्या मांडवात माईक स्पीकरच्या तोंडाशी नेला की कशी कान फोडणारी शिट्टी वाजते, तसंच गच्चीवर झालंय. एक अँटेना बोलतो ते दुसरा ऐकतो आणि पुन्हा मोठ्याने बोलतो. पाटी खोलीत होती तोवर मधे भिंती होत्या, ठीक होतं. दोन्ही समोरासमोर आले आणि शिट्टी सुरू झाली. ती माणसांना ऐकू येत नाही, टॉवरला येते, आणि त्या शिट्टीत साऱ्या आळीचे फोन बुडाले. टॉवरचा आवाज मात्र पाटी वाढवून देते, म्हणून दांड्या फुल दिसतात.

सुरैय्या तांदळात बोटं तशीच ठेवून ऐकत होती. बाई अडाणी नव्हती. तिने हळूच विचारलं, "मंग तो रविवारचा फोन? जो भाईला लागला नाय?"

निशाला खोटं बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण चाची तिच्याकडे अशी बघत होती की ते बाहेर पडेना. "हो, चाची," ती म्हणाली. "त्यामुळेच."

निशाने आईकडे बघितलं. सकाळपासून या यंत्राच्या मालकाला शिव्याशाप देत आळीभर फिरलेली बाई दारात उभी होती, हातात तो काटा. तिच्या रागाची निशाला लहानपणापासून सवय होती. एकदा तोंड सुटलं की भाऊ, दीर, सरपंच कुणी सुटत नसे. निशा उठून मधे उभी राहण्याच्या बेतात होती. रंभाने अँटेना भिंतीला टेकवला, ती सुरैय्याजवळ येऊन बसली आणि तिचा तांदळातला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"माज्या मानसासाठी तू तुज्या पोराचा आवाज सोडलास," ती म्हणाली. "माज्या सख्ख्या भनीनं नसतं केलं. तुजं देनं मी कुठल्या वाटीत घालून परत करू, सांग."

सुरैय्या उठली, भिंतीचा आधार घेत दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढली आणि कुणाला हात लावू न देता तिने स्वतः ती वायर ओढून काढली. निशाच्या गळ्यातल्या पडद्यावर टेकाड एकदम नाहीसं झालं. गवत उरलं, आणि गवतात लगेच उड्या सुरू झाल्या, इथे एक, तिथे दोन, मग कितीतरी. खालच्या घरांमधून टिंग टिंग आवाज येऊ लागले. साऱ्या आळीचे अडकलेले निरोप एकदम पोचत होते. कुणाच्या तरी जावयाचाही फोन लागला असणार.

त्यानंतर सुरैय्या भिंतीपाशी दिसेनाशी झाली. रंभाने हाक मारली तर आतूनच बरं नाही म्हणे. पाठवलेली वाटी दाराबाहेर तशीच राहिली आणि संध्याकाळी रिकामी परत आली. तीस वर्षांत पहिल्यांदा रिकामी. रंभा ती वाटी घेऊन कितीतरी वेळ ओट्याशी उभी होती. शेवटी डायलिसिस नसलेल्या एका दिवशी तुळशीराम स्वतः उठला. घरातून अंगणात यायचं तर दोनदा टेकणारा माणूस, निशाचा खांदा धरून शेजारच्या दारात गेला आणि पायरीवर बसला. सुरैय्या दाराआड उभी राहिली.

"भाभी," तो म्हणाला, "ती किडनी एका मानसाला लागली. त्याच्या घरी दिवाळी झाली असंल. तुमी त्याचं वाईट केलं का? नाय. माजं वाईट करायला पाटी लावली का? नाय. मंग ह्यात गुन्हा कुठं हाय, दाखवा." तो दम घ्यायला थांबला. "मी आजारी पडलो तवापास्नं मला कितीजनांनी काय काय दिलं. घेऊन घेऊन मी वाकलो. त्यात तुमी सांदनं बंद केली तर मी खायचं काय?"

दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सांदणं आली. त्यांचा तळ जरा करपला होता, पण तुळशीरामने सगळी खाल्ली.

आता फोनची ड्युटी सुटली होती. रंभा पळस्प्याला जायची थांबली, फोन पुन्हा टीव्हीखालच्या फळीवर आला. पण फळीकडे बघायचं कुणी थांबलं नाही. यादी लांब असते, आणि एकदा गेलेली वेळ परत येईलच असं लिहून दिलेलं नसतं. तुळशीरामचे पाय सुजू लागले होते. निशा कामावरून आली की आधी फोनचा पट्टा लावून गवत स्वच्छ आहे ना ते बघे, आणि मगच चप्पल काढी.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी रंभा मांदेली साफ करत असताना फोन वाजला. तुळशीरामने तो उचलला आणि वाजताच निशापुढे धरला. निशाने घेतला. कादंबरी मॅडमचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ होता. जुळतंय, लगेच निघा, त्यांना खायला-प्यायला काही देऊ नका, एवढंच त्या म्हणाल्या. निशा म्हणाली, निघालो. रंभाने माशाच्या हातांनीच भिंतीपाशी धाव घेतली आणि हाक मारली, "सुरैय्या, फोन आला." बस्स तेवढंच. सुरैय्या घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून गाडीत येऊन बसली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि नको म्हणायचा प्रश्नच नव्हता.

इस्पितळातल्या एका लांब बाकावर तिघी बसल्या. शस्त्रक्रिया चालू होती. रंभाच्या हातांना अजून मांदेलीचा वास होता आणि ती ते सारखे पदराला पुसत होती. रात्री उशिरा कादंबरी मॅडम दारातून बाहेर आल्या. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "नवीन किडनी चालू झाली," त्या म्हणाल्या. "टेबलावरच लघवी सुरू झाली त्यांना."

हे ज्याने घरात भोगलंय त्यालाच त्याचं मोल कळेल. गेली दोन वर्षं तुळशीरामला थेंब नव्हता. रंभा हसायला लागली. हसता हसता तिला हुंदका फुटला आणि ती कॉरिडॉरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागली, किती झाली, रंग कसा हाय. मॅडमनी सगळं नीट सांगितलं. मग रंभाने त्यांचे हात धरले आणि विचारलं, की कुणी दिली. पाया पडायचंय. नाव सांगा, गाव सांगा.

मॅडम म्हणाल्या, ते सांगता येत नाही, कधीच नाही. जरा थांबून त्या बाकाच्या कडेला टेकल्या. दिवसभरात पहिल्यांदाच बसल्या असाव्यात. "एवढंच सांगते. तरुण मुलगा होता. दुपारी मी त्याच्या आईशी बोलले. तिने एकच गोष्ट विचारली. म्हणाली, ज्याला लागणार आहे त्याला फोन तर लागला ना? मी म्हटलं, लागला. पहिल्याच रिंगला उचलला. ते निघालेत."

मॅडम आत गेल्या. सुरैय्या इतके दिवस रडली नव्हती, ती आता रंभाच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, आणि रंभा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. निशाला एवढंच कळत होतं, की आपण आज ज्या आनंदात बसलोय तो कुणीतरी हातात आणून ठेवलाय आणि तो ठेवणारं घर आत्ता अंधारात आहे.

मग सुरैय्याने डोळे पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ पसरली. शेजारी रंभाने हात जोडले. नाव ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं.

"देवा," रंभा म्हणाली, "आज त्या बाईला झोप लागू दे."

"आमीन," सुरैय्या म्हणाली.